सातवीच्या पोरांचा राहून गेलेला निरोप समारंभ – आता कसा करावा?

माळावरच्या बाई – १२ जून २०२१, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी.

मी जुन्नर तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. शाळा पहिली ते सातवी. आठवीला आमची पोरं खालच्या गावातल्या हायस्कूलला नाहीतर आश्रमशाळेत जातात. सात वर्षं एकाच इमारतीत, त्याच दोन-तीन शिक्षकांच्या हाताखाली काढलेली असतात. त्यामुळे आमच्याकडे दहावीपेक्षा सातवीचा निरोप समारंभ मोठा.

सहावीची पोरं वर्गणी काढतात, फळ्यावर रंगीत खडूने वेलबुट्टी काढतात. मुली आईची साडी नेसून येतात. मसालेभात, जिलेबी, भाषणं, आणि भाषण अर्ध्यावर आलं की रडारड. जाणारी तुकडी शाळेला भेट देते, बहुतेक वेळा भिंतीवरचं घड्याळ. ऑफिसात अशी घड्याळं ओळीने लावलेली आहेत, प्रत्येकाखाली सालाची पट्टी. २०१९च्या पट्टीपुढे भिंत मोकळी आहे.

गेल्या वर्षी मार्चच्या मध्याला कोरोनामुळे शाळा बंद झाल्या आणि २० तारखेला पहिली ते आठवीच्या परीक्षा रद्द झाल्या. तेव्हा वाटलं, महिन्या-दोन महिन्यांनी पोरांना बोलावू. शेवटी जूनमध्ये दाखले फाटकाशी उभं राहून दिले. पालक एकेक करून आले, रजिस्टरवर सही केली, गेले. पोरं तर आलीच नाहीत. यंदाची सातवी वर्गात बसली ती २७ जानेवारीनंतर, तीही पालकांचं संमतीपत्र घेऊन, एका बाकावर एक. तेवढ्यात रुग्ण वाढले, पुन्हा कुलूप. ३ एप्रिलला वर्गोन्नतीची घोषणा झाली आणि प्रगतीपुस्तकं भरून टाकली.

बाहेर लोक म्हणतात, "ही पोरं न शिकताच पास झाली." मला ते फार लागतं. आमच्याकडे रेंज येते ती टेकाडावरच्या देवळापाशी. तिथे जाऊन एक मुलगी व्हॉट्सॲपवर आलेला स्वाध्याय वहीत उतरवून घ्यायची आणि खाली वाडीत येऊन बाकीच्यांना वाचून दाखवायची. ज्यांच्या घरी टीव्ही होता त्यांच्या ओट्यावर सह्याद्री वाहिनीवरची 'टिलीमिली' ही अभ्यासाची मालिका बघायला शेजारची पोरं जमायची. सातवीतल्या एकीने दुसरीच्या पोरांचा वर्गच घेतला. आम्ही तिला गुंडाळफळा आणि खडू नेऊन दिले. एका पोराची गणिताची वही आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, चिखलाने माखलेली होती, पण त्रैराशिकं सगळी बरोबर.

अजून एक कारण आहे, आणि माझ्या दृष्टीने तेच मुख्य. समारंभात मुख्याध्यापक एकेका पोराचं नाव घेऊन विचारतात, "आठवीला कुठे?" मग बाप किंवा आई सगळ्यांसमोर उभी राहून शाळेचं नाव सांगते. गावासमोर दिलेला शब्द मोडणं जड जातं. हे दोन वर्षं झालेलं नाही, आणि २०२०च्या तुकडीतल्या काही मुली अजून कुठल्याच शाळेच्या पटावर नाहीत.

तर यंदा उशिरा का होईना, हा कार्यक्रम करायचा आहे. गर्दी न करता कसा करावा? कोणी केला असेल तर सांगा.

---

रानफूल – १२ जून, रात्री १०.१५

बाई, कराच. माझी सातवी होऊन वीस वर्षं झाली, पण गुरुजींनी दिलेलं पेन अजून आईच्या ट्रंकेत आहे. दहावीच्या सेंडऑफचं मला काहीसुद्धा आठवत नाही.

---

विचारी पालक – १३ जून, सकाळी ७.५०

बाई, तुमच्या भावनेबद्दल आदरच आहे. पण स्पष्ट लिहितो. आमच्या गावात एप्रिल-मेमध्ये आळीआळीत माणसं गेली. दोन महिन्यांपूर्वी खाटेसाठी आम्ही नाशिकभर फिरलो. आता तिसऱ्या लाटेचं बोलतायत, तीही मुलांना धोका म्हणून. अशा वेळी समारंभ कशाला? त्या पैशात दोन जुने मोबाइल घेऊन द्या, नाहीतर रिचार्ज मारून द्या. आठवीचं वर्षसुद्धा ऑनलाइनच सुरू होणार आहे १५ जूनला. पोरांना त्याचा उपयोग होईल. जिलेबी पुढच्या वर्षी खाऊ.

---

एडिसनकर – १३ जून, सकाळी ९.०५

न्यू जर्सीतला अनुभव लिहितो. परिस्थिती खूप वेगळी आहे हे माहीत आहे, पण कदाचित एखादी गोष्ट उपयोगी पडेल.

इथे मिडल स्कूल सहसा सहावी ते आठवी. आठवी संपली की छोटा पदवीदान समारंभ होतो, मग मुलं हायस्कूलला जातात. गेल्या वर्षी मार्चमध्ये शाळा बंद झाल्या आणि मे महिन्यात गव्हर्नर मर्फींनी जाहीर केलं की वर्ष संपेपर्यंत उघडणार नाहीत. मैदानातल्या समारंभांना परवानगी मिळाली ती ६ जुलैपासून, तोवर आमच्या मुलीचं शालेय वर्ष संपलेलं. मग शाळेने गाड्यांची रांग लावली. आम्ही गाडीत, काचा खाली. शिक्षक रस्त्याच्या कडेने लांब लांब उभे, हातात मुलांच्या नावांचे फलक. मुख्याध्यापिकेने मास्क आणि हातमोजे घालून खिडकीतून प्रमाणपत्र दिलं. सगळं मिळून दोन-तीन मिनिटं.

त्याआधी एका संध्याकाळी तिची विज्ञानाची शिक्षिका घरी आली आणि पुढच्या हिरवळीवर मुलीच्या नावाची पाटी रोवून गेली. आत आली नाही, दारातूनच बोलली: "तुझा बुरशीचा प्रयोग मी पुढच्या वर्गाला दाखवणार आहे." त्या लांब गाडीरांगेपेक्षा ह्या एका वाक्याने पोरगी फुलली. साताऱ्याहून आजी व्हिडिओवर बघत होती, तिलाही तीच बाई आवडली.

म्हणून सुचवतो: मुलं शाळेत येऊ शकत नसतील तर शाळा मुलांकडे जाऊ दे. आणि प्रत्येकाला त्याच्यापुरतं एक खरं वाक्य सांगा. सगळ्यांना एकच शाबासकी नको.

---

कोयत्याच्या गावचा मास्तर – १३ जून, दुपारी २.३०

बाई, तुमचा तो "आठवीला कुठे?" वाला परिच्छेद मी आमच्या शिक्षकांच्या गटावर टाकला आहे.

मी बीड जिल्ह्यातला. आमच्याकडे निम्मं गाव दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला जातं आणि एप्रिल-मेमध्ये परततं. एरवी मुलांना मागे ठेवायला हंगामी वसतिगृह असतं, ह्या हंगामात आमच्या गावात ते झालंच नाही. मग पोरं फडावर गेली. सातवीतलं पोरगं म्हणजे मोळ्या बांधायला, पाणी आणायला, धाकटं भावंड सांभाळायला तयार हात. मुलगी असेल तर पुढचं वेगळं सांगायला नको. बिनगाजावाजाची लग्नं ह्या टाळेबंदीत किती उरकली गेली ते गावोगावचे लोक जाणतात. वय भरत नाही हे सगळ्यांना माहीत असतं, पण शाळा बंद असली की हजेरीला नाव पुकारणारं कोणी नसतं.

विचारी पालकांना हात जोडून सांगतो, ह्याला जिलेबीचा कार्यक्रम समजू नका. आमच्यासाठी सातवी आणि आठवीच्या मधली ही गळती थांबवण्याची शेवटची जागा आहे. आठवीची शाळा दुसऱ्या गावात, रस्त्याला एसटी नाही, आणि कायद्याने चौदा वर्षांपर्यंत शिक्षण मोफत आणि सक्तीचं असलं तरी सातवीचा दाखला एकदा हातात पडला की पोरगं नेमकं कोणाच्या यादीत आहे हे कोणी विचारत नाही. आमच्या पटावरून नाव कमी झालेलं, तिकडच्या पटावर चढलेलं नाही.

आम्ही गेल्या महिन्यात एक केलं. पालकांच्या हाती दाखला देण्याआधी हायस्कूलच्या सरांनाच आमच्या शाळेत बोलावलं. एका टेबलावर आमचं रजिस्टर, शेजारी त्यांचा प्रवेशअर्ज. दाखला ह्या हातातून त्या हातात. पोराच्या गळ्यात एक फूल, आईच्या हातात नारळ. झाला समारंभ.

---

जुना फायनल पास घराणं – १३ जून, रात्री ८.२०

थोडं जुनं सांगतो, राहवत नाही.

माझे वडील १९४०च्या दशकात व्हर्नाक्युलर फायनल झाले. म्हणजे सातवीच, पण ती परीक्षा तालुक्याच्या गावी जाऊन द्यावी लागे, आणि 'फायनल पास' माणूस प्राथमिक शिक्षक होऊ शके. वडील तसेच मास्तर झाले. निकालाच्या दिवशी आजोबांनी गावात गूळ वाटला. पेढे परवडणारे नव्हते. वडील शेवटपर्यंत ते प्रमाणपत्र काचेत लावून ठेवत.

आता सातवीला किंमत राहिली नाही, कारण पुढे दहावी, बारावी, पदवी आली. पण घरातली पहिली सातवी असलेली मुलं अजून आहेत. तुमच्या वर्गातही असतील, बाई. ती कोण ते शोधा आणि त्यांच्या घरी आधी जा.

---

सातमजली चाळ – १४ जून, दुपारी १२.१०

मी मुंबईत महापालिकेच्या शाळेत आहे. आमच्याकडे पाचवी ते आठवी जानेवारीतही उघडली नाही. ह्या मुलांनी अख्खी सातवी फोनवर केली, आणि फोन बापाचा. बाप कामावर गेला की वर्ग गेला. म्हणून मी गणित रात्री नऊला घ्यायचे. वर्गातली बरीच मुलं गेल्या वर्षी मे महिन्यात आईबापांबरोबर गावी गेली ती आलीच नाहीत. कोणी जौनपूरला, कोणी गुलबर्ग्याला, कोणी खेडला.

एप्रिलमध्ये रात्री नऊचाच शेवटचा तास लावला. तास नव्हता, निरोप होता. प्रत्येकाने आपली एक वस्तू कॅमेऱ्यासमोर धरायची: ह्या वर्षात जिच्यामुळे शिकलो ती वस्तू. एकीने मोबाइलला टेकू म्हणून लावलेला पोळपाट दाखवला. एकाने वडिलांचा फोटो धरला. ते मे २०२०मध्ये गेले, आणि मुलगा तेव्हापासून सकाळी दुधाच्या पिशव्या टाकून वर्गाला बसत होता. आम्हाला कोणालाच हे माहीत नव्हतं. त्या रात्रीनंतर आम्ही बालसंगोपन योजनेचा अर्ज भरला. एक पालक गेला असेल तरी तो भरता येतो, जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांकडे. तुमच्या वर्गात असं मूल असेल तर कृपया चौकशी करा, लोकांना माहीतच नसतं.

---

विचारी पालक – १४ जून, सायंकाळी ६.३०

बीडचे सर आणि मुंबईच्या ताई, वाचलं. गर्दीबद्दलची माझी काळजी तशीच आहे, पण दाखला सरळ हायस्कूलच्या सरांच्या हाती देण्याची कल्पना पटली. बाई, खर्चाचं काही असेल तर मला व्यक्तिगत निरोप करा. चार मुलांचे दप्तर-वह्या माझ्याकडून.

---

ताईची धाकटी – १४ जून, रात्री १०.५०

मी सहसा फक्त वाचते, आज लिहिते. माझी बहीण २०२०च्या सातवीतली. ठाण्याजवळ राहतो. ती आता आठवी पास आहे, आणि आठवीचा वर्ग तिने एकदाही आतून पाहिलेला नाही. वर्गातल्या मुलींची नावं तिला स्क्रीनवरच्या अक्षरांनी माहीत आहेत. जुन्या शाळेतल्या मैत्रिणी वेगवेगळ्या हायस्कूलना गेल्या, त्यांना नीट भेटणंही झालं नाही.

बाई, करणार असाल तर २०२०ची मुलंसुद्धा बोलवा ना. त्यांचं वर्ष सगळे विसरले. दहावी-बारावीच्या मुलांबद्दल रोज बातम्या येतात, सातवीवाल्यांबद्दल कोणी काही म्हटलं नाही.

---

माळावरच्या बाई – १५ जून, रात्री ९.१५

सगळ्यांचे मनापासून आभार. मुख्याध्यापक सरांशी आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांशी बोलले. ठरलं ते असं:

शाळेत एकत्र जमायचं नाही, वाड्यावाड्यांवर जायचं. आमच्या चार वाड्या आहेत, म्हणजे एका ठिकाणी दहा-बारा माणसांच्या वर कोणी होत नाही. अंगणात, उघड्यावर, मास्क लावून. जेवण नाही, जिलेबी पुड्यात बांधून देणार. गावात आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताई (आशा कार्यकर्ती) बरोबर येणार आहेत, त्या घराघरात जातातच. २०२०ची तुकडीही घेणार, ताईची धाकटी, तुझं म्हणणं अगदी योग्य आहे.

मुलांना भेट काय द्यावी? आवणी तोंडावर आहे, घरात पैसा नाही, त्यामुळे मुलांकडून घड्याळ घ्यायचं नाही असं सरांनी सांगून टाकलंय.

---

रानफूल – १५ जून, रात्री ९.४०

कंपासपेटी आणि एक शब्दकोश. आठवीला भूमिती वाढते आणि इंग्रजीचा बाऊ होतो. दोन्ही आयुष्यभर पुरतं.

---

कोयत्याच्या गावचा मास्तर – १६ जून, सकाळी ६.५५

आणि गटाचा फोटो. गट जमणार नसेल तर वाडीवार काढा. फोटो प्रत्येकाला कागदावर छापून द्या, फोनमध्ये नको. फोन बिघडतो, विकला जातो.

मुलींच्या पासचं आत्ताच बघा. बारावीपर्यंतच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत एसटीचा मोफत पास असतो, पण शाळेची यादी आगारात गेल्याशिवाय तो निघत नाही. हायस्कूल "शाळा सुरू झाल्यावर बघू" म्हणतं, आणि शाळा सुरू झाली की पहिले पंधरा दिवस मुलीला यायला गाडी नसते. त्या पंधरा दिवसांतच घरचे ठरवून मोकळे होतात.

---

माळावरच्या बाई – १८ जुलै २०२१, दुपारी ३.२०

मंडळी, झाला. सविस्तर लिहिते.

मनात तारीख जुलैअखेरची होती. पण ७ जुलैला शासन निर्णय आला की ज्या गावात महिनाभर रुग्ण नाही तिथे आठवी ते बारावी १५ तारखेपासून उघडायची. खालच्या गावाने ठराव केला. म्हणजे आमची पोरं खरोखर वर्गात बसणार होती, आणि त्याच्या आत निरोप व्हायला हवा होता. धावपळ करून १२, १३ आणि १४ तारखेला वाड्या घेतल्या. आवणी जोरात, त्यामुळे सकाळी शेतावर जायच्या आधी. पाऊस होताच. पहिल्या वाडीत अंगण सोडून गोठ्याच्या पडवीत बसलो, म्हशी एका बाजूला बांधून.

एडिसनकर, तुमचं ऐकलं. मी आणि सरांनी बसून प्रत्येक पोरासाठी एक-एक वाक्य लिहून काढलं. ते प्रमाणपत्रावर हाताने लिहिलं, छापलं नाही. "नकाशा वाचण्यात तुझा हात धरणारं शाळेत कोणी नव्हतं." "तू दुसरीच्या सहा मुलांना वाचायला शिकवलंस, ती सहाही आता धडा वाचतात." चिखलाच्या वहीवाल्याच्या प्रमाणपत्रावर त्रैराशिकाबद्दल लिहिलं. त्याच्या आजोबांनी ते माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं. त्या घरातली ती पहिली सातवी. जुन्या फायनलच्या काका, तुमच्यामुळे त्या घरी आम्ही सगळ्यात आधी गेलो. आजोबांनी गूळ-शेंगदाणे पुढे केले, मला तुमच्या आजोबांचा गूळ आठवला आणि तिथेच तुमची गोष्ट सगळ्यांना सांगितली.

हायस्कूलचे सर तीनही दिवस आले. अर्ज जागेवर भरले, दाखले थेट त्यांच्या पिशवीत. "आठवीला कुठे?" हे सरांनी नेहमीसारखं खणखणीत विचारलं. एका ठिकाणी वडील नाहीत, मे महिन्यात गेले. आई उभी राहिली आणि हायस्कूलचं नाव घेतलं. वाडीतल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांचा बालसंगोपनचा अर्ज तयार आहे, मुंबईच्या ताईंनी नमुना पाठवला होता.

२०२०च्या तुकडीतल्या ज्या मुली पटावर नव्हत्या, त्यातल्या दोघींची नावं परवा आठवीत चढली. वर्ष गेलं त्यांचं, पण नावं चढली. एकीचं लग्न ठरवून ठेवलंय, दिवाळीनंतरचं. वय चौदा. ग्रामसेवकांना, जे आमच्याकडे बालविवाह प्रतिबंधक अधिकारी आहेत, लेखी कळवलं आहे, आणि १०९८ ह्या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर फोनही केला आहे. घरच्यांना राग आला. येऊ दे.

विचारी पालक, दप्तरं पोचली. पोरांनी पाठीला लावूनच फोटो काढले.

---

विचारी पालक – १८ जुलै, सायंकाळी ५.१०

बाई, त्या मुलीचं काय होतंय ते इथे नक्की लिहा. घरचे वसतिगृहाला तयार झाले तर तिथला वर्षाचा किरकोळ खर्च मी बघतो.

---

एडिसनकर – १८ जुलै, सायंकाळी ७.३५

वाक्यं हाताने लिहिलीत हे फार छान केलंत. मुलीला वाचून दाखवलं. ती दुसरीच्या मुलांना शिकवणारी मुलगी कुठली पुस्तकं वाचते असं विचारतेय, तिला पाठवायची आहेत. पत्ता शाळेचाच चालेल ना?

---

माळावरच्या बाई – १८ जुलै, रात्री ९.००

शाळेचाच पत्ता चालेल, व्यक्तिगत निरोपात देते. तिला गोष्टींची आवडतात, मोठ्या टायपातली पाठवा म्हणजे ती दुसरीच्या पोरांनाही वाचून दाखवेल.

आगाराची यादी उद्या हायस्कूलच्या सरांबरोबर मीच घेऊन जाते आहे. सकाळी साडेसातची गाडी अजून सुरू झालेली नाही. जुन्नर आगारात कोणाची ओळख असेल तर कळवा, गाडी ह्याच आठवड्यात हवी आहे.